विलंबित

'विलंबित' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. गवयाच्या घरी तो लयीचे नाव असतो, व्यवहाराच्या घरी उशिराचे. एका घरची ओळख दुसऱ्या घरी सहसा दिली जात नाही. ख्यालाच्या बैठकीत सम लांबली म्हणून जाणता श्रोता घड्याळ पाहत नाही. आणि फलाटावर तिष्ठणाऱ्या प्रवाशाला उशिरा येणाऱ्या गाडीत कसलेही लयसौंदर्य जाणवत नाही. कॅलिफोर्नियातील 'स्लीप' नावाच्या एका रॉक वाद्यवृंदाच्या वाट्याला मात्र हे दोन्ही विलंब एकाच गाण्याच्या निमित्ताने आले. गाणे तासाभराहून लांब, चाल कमालीची संथ. आणि १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेले ते गाणे पूर्ण लांबीने बाजारात यायला २००३ साल उजाडले. तोवर ते वाजवणारे एकत्र राहिले नव्हते.

स्लीपचा जन्म सॅन होजेचा. हे नाव आता महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत पुण्या-नागपूरइतक्या सहजतेने घेतले जाते. कोणाची मुलगी, कोणाचा भाचा तेथे संगणकाच्या धंद्यात असतो. वेग हा त्या परिसराचा कुलधर्म. यंदाचे यंत्र पुढल्या वर्षी जुने झालेच पाहिजे, या श्रद्धेवर तेथले संसार उभे आहेत. त्याच गावात १९९०च्या सुमारास अल सिस्नेरोस, मॅट पाइक आणि ख्रिस हेकियस ही विशीच्या आतबाहेरची मुले दिवसेंदिवस अधिक संथ वाजवू लागली होती. यात फार हेतू शोधू नये. गावाची आणि मुलांची तोंडे विरुद्ध दिशांना होती, एवढे मात्र खरे. सिस्नेरोस बेस गिटार वाजवी आणि गाई, पाइककडे गिटार होती, हेकियसकडे ड्रम. चौथा सोबती जस्टिन मार्लर हाही गिटारवादक. 'व्हॉल्यूम वन' ही पहिली तबकडी १९९१ साली निघाली आणि त्यानंतर मार्लर गिटार खाली ठेवून कॅलिफोर्नियातल्याच एका ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात साधू व्हायला निघून गेला. रॉक संगीतातून माणसे व्यसनात, कर्जात किंवा मृत्यूत गेल्याच्या कथा पुष्कळ आहेत. मठात गेल्याच्या थोड्या. उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी दुसरा कोणी घेतला नाही.

हे संगीत आले कोठून, हे सांगायचे तर बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यापर्यंत मागे जावे लागते. तेथे काम करणाऱ्या टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली तुटली. गिटारच्या तारा तो त्याच बोटांनी दाबत असे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, बारीक तारा लावल्या, आणि पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटारचा स्वरच उतरवला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या संचाच्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या १९७१ सालच्या तबकडीत अनेक ठिकाणी तारा तीन अर्धस्वर खाली उतरलेल्या आहेत. एका कामगार मुलाच्या अपघाताने एका संपूर्ण संगीतप्रकाराला त्याचा खर्ज दिला. स्लीपच्या मुलांनी सॅबथचे हे देणे कधी लपवले नाही. त्यांनी तारा त्याहूनही खाली आणल्या, लय त्याहूनही ओढली, आणि त्या खर्जाला एवढ्या ध्वनिवर्धकांचे बळ दिले की तो कानाआधी छातीला कळावा.

या संगीताचा घटक म्हणजे 'रिफ': चार-सहा स्वरांचा एक गट, जो पुन्हा पुन्हा येतो. इतर रॉक गीतांत रिफ ही दाराची चौकट असते, तिच्यातून गीत आत येते. स्लीपच्या रचनांत चौकट हेच घर. तोच स्वरगट आठ वेळा, सोळा वेळा, बत्तीस वेळा येतो. आणि पुनरावृत्तीचा कंटाळा ओलांडून गेलेल्या श्रोत्याला त्यातले बारीक फरक दिसू लागतात. या वेळी तार थोडी अधिक रेंगाळली, या वेळी ड्रमचा आघात तिळभर मागे पडला. उस्ताद अमीर खाँ यांचा झुमऱ्यातला अतिविलंबित ख्याल ज्यांनी मुरवून ऐकला आहे, त्यांना ही सवय नवी नाही. तथापि तुलना येथेच थांबवावी हे बरे. खाँसाहेबांच्या विलंबितात रागाची जबाबदारी असते, प्रत्येक आवर्तनात काही नवे उलगडते. स्लीपच्या विलंबितात उलगडायचे फारसे नसते, तेथे फक्त राहायचे असते.

या प्रकाराला 'स्टोनर रॉक' म्हणतात, आणि त्या नावाचा उगम सांगताना आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. गांजाच्या तारेत असलेल्या माणसाला इंग्रजी बोलीत जे म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. दक्षिण कॅलिफोर्नियात पाम डेझर्ट गावाच्या आसपासची मुले उघड्या वाळवंटात जनित्र नेऊन रात्री वाजवीत. तेथून आलेल्या 'कायस' या संचाची 'ब्लूज फॉर द रेड सन' ही तबकडी १९९२ची. त्याच वर्षी स्लीपने 'होली माउंटन'चे ध्वनिमुद्रण केले. इंग्लंडमधील 'इअरेक' कंपनीकडे ते नमुना म्हणून धाडले होते. कंपनीने तो नमुनाच तबकडी म्हणून काढला. या दोन संचांना एकमेकांचे चुलतभाऊ म्हणता येईल. नशेचा उल्लेख गीतांतून, मुखपृष्ठांतून, शीर्षकांतून सर्वत्र आहे, आणि त्यातला बराचसा पोरकट आहे, हेही मान्य करायला हवे. पण नशा हे या संगीताचे स्पष्टीकरण नव्हे. नशा करणारी मुले त्या काळी कॅलिफोर्नियात गल्लोगल्ली होती. एकाच गाण्यावर चार वर्षे घालवणारी तिघेच होती.

'भूमिगत' या शब्दाला मराठीत बेचाळीसच्या चळवळीचा वास आहे. रॉकच्या संदर्भात तो फार साधा आहे: जे आकाशवाणीवर लागत नाही, मोठ्या दुकानांत मिळत नाही, पण ज्याच्या ध्वनिफिती टपालाने एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, ज्याच्याविषयी हातांनी काढलेल्या अंकांतून लिहिले जाते, ते. साठच्या दशकातील मराठी अनियतकालिके ज्यांनी चाळली आहेत त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. तीच अपुरी शाई, तोच उद्धट आत्मविश्वास, वाचकांची तीच मोजकी पण कडवी संख्या. स्लीप या व्यवस्थेत सुखाने वाढत होते. मग 'लंडन रेकॉर्ड्स' या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला.

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात, सिअॅटलच्या संचांना अनपेक्षित यश मिळाल्यावर, मोठ्या कंपन्या असे करार सढळ हाताने करीत होत्या. कोणत्या भूमिगत बिळातून पुढले सोने निघेल याचा नेम नव्हता. मुलांना आगाऊ रक्कम मिळाली. तिचा मोठा वाटा इंग्लंडमधील मॅटँप या छोट्या कारखान्याच्या बनावटीच्या हिरव्या ध्वनिवर्धकांवर गेला, आणि उरलेल्यातला पुष्कळसा धुरात. कंपनीला अर्थातच गाण्यांची तबकडी हवी होती. मुलांपाशी गाणे एकच होते. सरावाच्या खोलीत ते वर्षानुवर्षे वाढत चालले होते. जेथे संपेल असे वाटे तेथे त्याला नवी फांदी फुटे. कधी ते आजच्याहून संथ होते, कधी लांब. त्याचे नाव 'डोपस्मोकर'.

१९९६ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका एकाकी स्टुडिओत ते बिली अँडरसन या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली फितीवर उतरले. महिनाभर काम केले, परत येऊन सराव केला, पुन्हा जाऊन महिनाभर काम केले. येथे एक अगदी लौकिक अडचण होती. फितीच्या एका रिळावर जेमतेम बावीस मिनिटे मावत. सलग एक तास चालणारे गाणे सलग वाजवून उतरवणे यंत्राला शक्य नव्हते. गाणे टप्प्याटप्प्याने घ्यावे लागले: रीळ संपण्याआधी विरामाची जागा शोधायची, दुसरे रीळ चढवायचे, मग आधीच्या टप्प्याची लय, आवाजाचे वजन आणि स्वतःची मनःस्थिती जशीच्या तशी धरून पुढे जायचे. ज्या गाण्याचा सारा अट्टाहास अखंडतेचा, ते असे जोडून जोडून उभे राहिले. ऐकताना सांधा जाणवत नाही. मात्र ते ज्यांनी वाजवले त्यांना प्रत्येक सांध्याची जागा आयुष्यभर आठवत असेल, असे मानायला हरकत नाही.

गाण्यात घडते ते असे. वाळवंटातून एक तांडा पवित्र भूमीकडे निघाला आहे. तांड्यातले लोक गांजाचे उपासक. त्यांचे शब्द, त्यांचे विधी, त्यांची पोथी सारे त्या पानाभोवती रचलेले. बायबलमधल्या यात्रेची ही विडंबनासारखी दिसणारी प्रतिकृती. पहिल्या काही मिनिटांत शब्दच नाहीत, फक्त गिटार. आणि शब्द येतात तेही एकसुरी, जवळजवळ पाठ म्हटल्यासारखे. मराठी श्रोत्याच्या मनात येथे पालखीची चाल जागी होणे अपरिहार्य आहे, जरी तुळशीची माळ घातलेला वारकरी या तांड्याकडे पाहून कानाला हात लावील. साम्य श्रद्धेत नाही, पावलांत आहे. लांबच्या वाटेला चालणारा समूह वेगाने चालत नाही. वेगाने चालणारा मागच्यांना गमावतो. 'डोपस्मोकर'ची लय मागच्यांना न गमावणाऱ्या समूहाची लय आहे. विडंबन म्हणून सुरू झालेली गोष्ट विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास विडंबन राहत नाही, हा या रचनेचा खरा चमत्कार. तासभर कोणी थट्टा करू शकत नाही. एवढा वेळ एखाद्या गोष्टीपाशी थांबले की तिच्याविषयी गंभीर व्हावेच लागते.

कंपनीने ती तबकडी काढायचे नाकारले.

हा प्रसंग भूमिगत संगीताच्या आख्यायिकांत पुष्कळ रंगवला गेला आहे: एका बाजूला कलेचे वेडे, दुसऱ्या बाजूला हिशेबनीस. पण हिशेबनिसाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ज्या मालाचा एकही तुकडा आकाशवाणीवर वाजवता येत नाही, ज्याचे शीर्षक दुकानाच्या काचेत लावता येत नाही, तो माल घेऊन विक्रेत्याने करायचे काय? कंपनीने दुसऱ्या एका ध्वनिसंयोजकाकडून, डेव्ह सार्डीकडून, वेगळे मिश्रण करवून पाहिले. तेही तिला पटले नाही. बाजारात काळाचे माप गाण्याच्या आधी ठरलेले असते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले गेले तेव्हा त्या तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत होती. रात्र जागवणारे गाणे त्या तीन मिनिटांत बसवावे लागले, आणि शेवटी आपले नाव उच्चारायलाही त्यांनी त्यातूनच जागा काढली. तेथे माप यंत्राचे होते आणि ते साऱ्यांना सारखे होते. नव्वदच्या दशकात यंत्र पुढे गेले होते, काँपॅक्ट डिस्कवर सत्तर मिनिटांहून अधिक मावत होते; 'डोपस्मोकर' तीत आरामात बसत होते. यंत्राची मर्यादा संपली तरी तीन-चार मिनिटांची सवय मागे उरली होती, आणि सवय यंत्राहून चिवट असते.

मुलांनी गाणे पुरते बदलले नाही असेही नाही. त्याची एक बावन्न मिनिटांची आवृत्ती होती, आणि 'जेरुसलेम' या नावाने तीच पुढे सहा भागांत विभागलेली दिसते. म्हणजे तडजोडीची पावलेही पडली होती. परंतु त्या घासाघिशीत महिन्यांमागून महिने गेले, गाणे अडकून पडले, आणि १९९८पर्यंत संच मोडला. भांडणाचा मोठा प्रसंग घडून तो मोडला असता तर आख्यायिकेला शोभले असते. प्रत्यक्षात तो वाट पाहण्याने झिजला. ज्या तिघांनी एक रिफ शेकडो वेळा न कंटाळता वाजवण्याचे धैर्य कमावले होते, त्यांना टपालाच्या पेटीकडे पाहत बसण्याचे धैर्य नव्हते. तो वेगळा अभ्यास आहे, आणि कोणत्याही गुरूकडे तो शिकायला मिळत नाही.

'जेरुसलेम' १९९९ साली बाजारात आले. इंग्लंडमध्ये ते ली डॉरियन या गायकाच्या 'राइज अबव्ह' या छोट्या संस्थेने काढले. त्र्याहत्तरावी कलमी प्रत हाती लागलेल्या वाचकासारखे श्रोते तोवर ध्वनिफितींच्या नकलांवरच भागवीत होते. २००३ साली 'टी पी' या न्यूयॉर्कच्या संस्थेने त्रेसष्ट मिनिटांहून थोडे अधिक असे पूर्ण गाणे मूळ नावाने प्रसिद्ध केले. २०१२ साली 'सदर्न लॉर्ड'ने ते नव्याने, आरिक रोपरच्या चित्रासह काढले. प्रत्येक खेपेस ऐकणारे वाढले. जो संच अस्तित्वात नव्हता त्याची कीर्ती तो अस्तित्वात असतानापेक्षा मोठी झाली. मरणोत्तर काव्यसंग्रहांचे हे भाग्य साहित्यात परिचित आहे. फरक इतकाच की येथे कवी जिवंत होते, आणि आपापल्या वाटांनी पांगले होते.

पाइकने १९९८ साली 'हाय ऑन फायर' हा संच काढला. तो वेगवान होता, जणू साठलेली सारी घाई त्याने एकदम खर्च करायला काढली. मार्लर काही वर्षांनी मठातून परतला आणि हेकियसबरोबर 'सेबियन्स' या संचात वाजवू लागला. सिस्नेरोस काही काळ संगीतापासून दूरच राहिला. २००३ साली त्याने हेकियसला घेऊन जो नवा संच बांधला त्यात गिटार नव्हतीच: फक्त बेस, ड्रम आणि आवाज. त्याचे नाव 'ओम'.

पाश्चात्त्य तरुणांनी ओंकार घेतला की भारतीय वाचक सावध होतो, आणि अनुभवाने होतो. साठच्या दशकापासून सतारीची आणि मंत्रांची पुष्कळ उधळपट्टी झाली आहे. 'ओम'च्या बाबतीत ही सावधगिरी थोडी सैल करायला हरकत नाही. सिस्नेरोसने येथे शोधले ते स्लीपमध्येच होते: एका स्वराभोवती थांबणे. 'गॉड इज गुड' (२००९)पासून त्यात तंबोराही येतो, आणि तो शोभेसाठी ठेवलेला वाटत नाही. बेसच्या खर्जाखाली तो आधीपासूनच असावा असा वाटतो. २०१२ सालच्या तबकडीचे नाव 'अद्वैतिक साँग्ज'. तिचे पहिले गीत महामृत्युंजय मंत्राने उघडते, स्त्रीच्या स्वरात. उच्चार परक्या जिभेचे आहेत, तरीही मंत्र घाईने म्हटलेला नाही. मुंबईच्या मंदिरांत लाउडस्पीकरवर तो ज्या गतीने ऐकू येतो त्या मानाने तर नाहीच. त्याच संचात सीरियन, ग्रीक, इथिओपियन ख्रिस्ती परंपरांच्या खुणाही आहेत, आणि एवढ्या देवांची गर्दी थोडी दमवते हे नाकारता येत नाही.

२००७ साली 'ओम'ने जेरुसलेममध्ये कार्यक्रम केला. दहा-बारा वर्षांपूर्वी सॅन होजेच्या दोन मुलांनी एक कल्पित तांडा ज्या पवित्र भूमीकडे धाडला होता, तेथे ती दोघे विमानाने पोहोचली. पुढल्या वर्षी आरंभीच हेकियसने तो संच सोडला.

मे २००९मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरील माइनहेड गावी भरलेल्या महोत्सवात स्लीपचे तिघे पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यानंतर हेकियस या वाटेवर राहिला नाही, आणि त्याच्या जागी 'न्यूरोसिस' या संचाचा ड्रमवादक जेसन रोडर आला. पुनर्मीलनाच्या कथेत ही एक रिकामी खुर्ची आहे, आणि प्रशंसेच्या भरात तिच्याकडे दुर्लक्ष होते. रोडर उत्तम वाजवतो. संच पूर्वीपेक्षा अधिक बांधेसूद झाला असेही म्हणता येईल. पण 'डोपस्मोकर'मध्ये जो आघात तिळभर मागे पडतो तो हेकियसचा आहे, आणि तसा मागे पडण्याचे शिक्षण दुसऱ्याला देता येत नाही.

२० एप्रिल २०१८ या दिवशी, पूर्वसूचना न देता, 'द सायन्सेस' ही नवी तबकडी जॅक व्हाइटच्या 'थर्ड मॅन' संस्थेने काढली. तारीख अर्थातच मुद्दाम निवडलेली: अमेरिकेत गांजाप्रेमी हा दिवस सणासारखा पाळतात. पण दरम्यान सणच बदलला होता. ज्या १९९६ साली 'डोपस्मोकर' फितीवर उतरले, त्याच साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषध म्हणून गांजा वापरण्यास संमती दिली. २०१६ साली मौजेसाठीही दिली, आणि जानेवारी २०१८पासून तो परवानाधारक दुकानांत कर लावून विकला जाऊ लागला. ज्या शब्दापायी तबकडी काचेत लावता येत नव्हती त्याच्या पाट्या आता काचेत होत्या. भूमिगतांना पायाखालची जमीन वर येऊन भेटली. त्यातली सारी गंमत संपली असेल अशी भीती होती. ती खरी ठरली नाही, कारण तबकडीतली गाणी त्या गंमतीवर उभी नव्हतीच. 'सोनिक टायटन' आणि 'अँटार्क्टिकन्स थॉड' या तीतल्या दोन मोठ्या रचना नव्वदच्या दशकातल्याच आहेत. वीस वर्षे त्यांना स्टुडिओतले रूप नव्हते. त्या बैठकीत, आठवणीत आणि चोरट्या ध्वनिफितींत राहिल्या. विशीत सुचलेले गाणे पंचेचाळिशीच्या हातांनी वाजवले गेले. त्यात ताकद कमी झालेली नाही, उतावीळपणा मात्र गेला आहे. आणि त्या उतावीळपणाचा थोडा अंश असता तर बरे झाले असते, असेही एखाद्या जुन्या श्रोत्याला वाटेल.

२०१९ साली पाइकच्या 'हाय ऑन फायर'ला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्लीपने बेमुदत विश्रांती जाहीर केली. तीस वर्षांत पूर्ण लांबीच्या तबकड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. त्यांतली एक नाकारलेली, एक वीस वर्षे उशिराची.

'डोपस्मोकर' आज मिळते ते डिस्कवर, आणि जुन्या चालीच्या काळ्या तबकड्यांवरही. तरुण श्रोत्यांचा ओढा पुन्हा तिकडेच आहे. या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावतात, जवळजवळ स्टुडिओतल्या त्या रिळाइतकीच. त्यामुळे २०१२च्या आवृत्तीत हे गाणे तीन बाजूंवर पसरले आहे. तांडा वाळवंटाच्या मध्यावर असतो, आवाज हळूहळू मावळतो, सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहते. श्रोत्याने उठायचे, तबकडी उलटायची, तिच्यावरची धूळ पुसायची, आणि सुई पुन्हा कडेला ठेवायची.